गांवाचें आरोग्य गांवाच्याच हातून

महोत्सवाचा प्रसंग आला म्हणजे आपण धर्मग्रामाच्या इतिहासाचीं पानें हौसेनें उलगडतों. मंदिराची कोनशिला कोणीं बसविली, घंटा कोठून आली, कोणते धर्मगुरू कोणत्या सालीं येथें होते, शाळेला किती खोल्या वाढल्या, हें सर्व त्यांत यथासांग येतें, आणि तें यावेंही. परंतु ज्या कपाटांत बाप्तिस्म्याची नोंदवही असते, त्याच कपाटांत मृत्यूंचीही नोंदवही असते. जुन्या काळीं तींत तान्ह्या मुलांचीं नांवें किती दाटीनें येत असत, आणि पुढें तीं कां विरळ होत गेलीं, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतों.

ह्या प्रश्नाचें उत्तर औषधांत आहे, इस्पितळांत आहे, लसींत आहे, हें कोण नाकारील? परंतु सारें उत्तर तेथें नाहीं. त्याचा मोठा भाग ज्यांचीं नांवें कोणत्याही कोनशिलेवर कोरलेलीं नाहींत, अशा साध्या माणसांच्या हातीं आहे. ह्याचा पुरावा शोधण्यास दूर जाण्याचें कारण नाहीं. तो आपल्याच महाराष्ट्रांत, जामखेड तालुक्याच्या कोरड्या माळावर मिळतो. त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

जामखेडकडे वळण्यापूर्वीं थोडें मागें जाऊं. सन १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत गांठीच्या प्लेगाचे रोगी आढळले, आणि कांहीं महिन्यांतच तो रोग पुण्यापर्यंत पोहोंचला. सरकारनें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा केला. पुण्यांत घरोघर झडत्यांसाठीं गोरे शिपाई नेमले गेले. ते माजघरांत शिरत, स्त्रियांची तपासणी करीत, सामानसुमान रस्त्यावर आणून जाळीत. हेतु रोग हटविण्याचा होता. पण परिणाम असा झाला कीं लोक रोगीच लपवूं लागले. २२ जून १८९७ च्या रात्रीं प्लेगाचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, आणि त्या जखमेनें पुढें तो मरण पावला. सत्ता, पैसा व शास्त्र हीं तिन्ही एका बाजूस होतीं. परंतु लोकांचा विश्वास त्या बाजूस नव्हता, आणि विश्वासावांचून दार उघडत नाहीं.

त्याच साथींत, त्याच पुण्याजवळ, दुसरेंही एक काम चालू होतें. सावित्रीबाई फुले यांनीं आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या साह्यानें हडपसर भागांत प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा आरंभिली होती. ज्यांना कोणी हात लावीत नसे, अशा रोग्यांना त्या स्वतः जाऊन आणीत. अशाच सेवेंत त्यांना रोगाची लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांच्यापाशीं शिपाई नव्हते, हुकूम नव्हता. पण दुबळ्यांचीं दारें त्यांच्यासाठीं उघडीं होतीं. आरोग्य हें वरून लादतां येत नाहीं, तें शेजाऱ्याच्या हातानें आंत यावें लागतें, हा धडा त्या एका वर्षानें दिला. मात्र तो धडा एका थोर बाईच्या त्यागापुरताच राहिला. त्याची रीत व्हावी, एका गांवानें दुसऱ्या गांवाला ती शिकवावी, हें घडून येण्यास आणखी पाऊणशें वर्षें लागलीं.

डॉ. रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ सालीं अहमदनगर जिल्ह्यांत, सुपें येथें झाला. तो जिल्हा आतां अहिल्यानगर या नांवानें ओळखला जातो. त्यांच्या पत्नी डॉ. मेबल यांचा जन्म १९३५ सालचा, जबलपूरचा. दोघांनींही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत शिक्षण घेतलें. १९६० सालीं विवाह झाला, तेव्हांच आपलें आयुष्य खेड्यांतील उपेक्षितांसाठीं वेंचावें असा संकल्प उभयतांनीं केला. हें दांपत्य आपल्या कॅथोलिक मंडळींतील नव्हे, प्रॉटेस्टंट मंडळींतील. परंतु वाटेवर जखमी पडलेल्याला कोणीं उचललें हें पाहावें, उचलणारा कोठला हें पाहूं नये, ही शिकवण आपणां सर्वांना सारखीच मिळालेली आहे.

प्रथम कांहीं वर्षें त्यांनीं वडाळा येथील मिशनच्या इस्पितळांत काम केलें. इस्पितळ रात्रंदिवस गजबजलेलें असे. हगवणीनें सुकलेलें मूल यावें, सलाईन देऊन तें बरें करावें, घरीं पाठवावें, आणि थोड्याच दिवसांत तेंच मूल तशाच स्थितींत पुन्हां दारीं यावें, असा क्रम चाले. औषध बरोबर होतें, डॉक्टर निष्णात होते; परंतु पाणी तेंच, घर तेंच, समजुती त्याच आणि दारिद्र्यही तेंच होतें. जे रोग इस्पितळापर्यंत येऊंच नयेत, तेच इस्पितळ भरून टाकीत होते. ही गोष्ट त्या दोघांच्या मनाला लागली. पुढें अमेरिकेंत जाऊन त्यांनीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें शिक्षण घेतलें, आणि १९७० सालीं ते जामखेडला आले.

जामखेड तालुका पर्जन्यछायेंतील. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, रस्ते कच्चे, आणि रोजगारासाठीं दरवर्षीं घरें सोडून जाणारीं कुटुंबें पुष्कळ. त्या भागांत १९७१ सालीं जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं १७६ मुलें वर्ष पुरें होण्यापूर्वींच दगावत होतीं. म्हणजे दर सहा मुलांमागें एकाहून अधिक! हा आंकडा वाचतांना क्षणभर थांबावें. आपल्या धर्मग्रामांत एखाद्या रविवारीं सहा बालकांचा बाप्तिस्मा झाला, आणि त्यांतील एकाच्या पहिल्या वाढदिवसाची कोणी खात्री देऊं शकला नाहीं, असें समजा, म्हणजे त्या आंकड्याचा अर्थ कळेल.

आरंभीं कामास बंगला मिळाला नाहीं. गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेंत माणसांचा दवाखाना सुरू झाला. लोकांना औषध हवें होतें, तें मिळूं लागलें. तोंच १९७२ चा भयंकर दुष्काळ कोसळला. विहिरी आटल्या, गुरें मेलीं, माणसें खडी फोडण्यास गेलीं. अशा वेळीं त्यांना "तुमची प्रकृति तपासतों" असें म्हणणें म्हणजे थट्टाच झाली असती. लोकांनीं सांगितलें, आधीं पाणी आणि अन्न. डॉक्टरांनीं तें ऐकलें. मुलांसाठीं सामुदायिक स्वयंपाक सुरू झाले, आणि विंधन विहिरी खोदून हातपंप बसविण्याचें काम निघालें.

ह्या हातपंपांची एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दलित वस्तीला गांवच्या विहिरीवर पाणी भरण्याची मोकळीक नसे. तेव्हां आरोळे दांपत्यानें अशी योजना केली कीं पंप शक्य तेथें दलित वस्तींतच बसावेत. आतां तहानलेल्या गांवाला त्या वस्तींत जाऊनच घागर भरावी लागे. कोणावर जबरदस्ती झाली नाहीं, कोणाला व्याख्यान दिलें गेलें नाहीं. नितळ पाणी आणि शिवाशीव या दोहोंतून एकाची निवड करावयाची होती, आणि दुष्काळानें ती निवड सोपी केली. अस्वच्छ पाण्यानें होणारा रोग व माणसाला दूर ठेवण्याचा रोग, असे दोन रोग एकाच पंपानें हटूं लागले.

परंतु पंप बसला म्हणून बाळंतीण वांचत नाहीं. घराच्या आंत कोणीं जावें, हा प्रश्न राहिलाच. प्रथम शिकलेल्या परिचारिकांना गांवोगांव ठेवून पाहिलें. त्या तरुण, परगांवच्या, एकट्या. रात्रीं दार ठोठावलें तर उघडण्याची त्यांना भीति वाटे, आणि त्यांनीं सांगितलेलें ऐकण्यास गांवांतील सासवा तयार नसत. तो प्रयत्न फसला. तेव्हां एक साधा विचार पुढें आला: जी बाई गांवांतच नांदते, जिला सगळीं घरें ठाऊक आहेत, जिनें स्वतः मुलें जन्माला घातलीं आहेत आणि कांहीं पुरलींही आहेत, तिलाच कां शिकवूं नये?

अशा रीतीनें गांवानें आपापली बाई निवडावी असें ठरलें. निवडलेल्या बायांपैकीं बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. पुष्कळ जणी दलित समाजांतील होत्या. कित्येक विधवा, कित्येक नवऱ्यानें टाकलेल्या. ज्यांच्या हातचें पाणी चालत नव्हतें, त्यांच्याच हातीं गांवचें आरोग्य सोंपविण्याचें हें धाडस होतें. शिकलेल्या लोकांत शंका निघाल्या. जिला सही करतां येत नाहीं ती औषधाची मात्रा कशी सांभाळणार, असें डॉक्टर मंडळी विचारीत. आणि ज्या बायांना निवडलें, त्या स्वतःच सर्वांत अधिक भ्यालेल्या होत्या. आपल्याला कांहीं येत नाहीं, हें त्यांनीं जन्मभर ऐकलें होतें, आणि तें त्यांना खरें वाटत होतें.

म्हणून जामखेडचें शिक्षण शरीरशास्त्रापासून सुरू झालें नाहीं. तें ह्या भीतीपासून सुरू झालें. आठवड्यांतून एकदां ह्या बाया जामखेडला येत, रात्रीं तेथेंच राहत. वेगवेगळ्या जातींच्या बायांनीं एकत्र रांधावें, एका पंगतींत जेवावें, आणि गोधड्या जोडून शिवलेल्या एकाच मोठ्या पांघरुणाखालीं सर्वांनीं झोंपावें, असा तेथला परिपाठ होता. आरंभीं कांहींजणींचा जीव घाबरा झाला असेल. परंतु थंडीच्या रात्रीं पांघरूण जात विचारीत नाहीं. सकाळीं धडा, मग गेल्या आठवड्याचा अनुभव, मग गाणीं आणि चित्रें. जें लिहून ठेवतां येत नव्हतें, तें त्या पाठ करून नेत. एकीनें केलेली चूक सर्वांसमोर बोलली जाई, आणि तिजवर कोणी हंसत नसे. हें शिक्षण चार दिवसांचें शिबिर नव्हतें. तें वर्षानुवर्षें चालत राहिलें, हें त्याचें खरें मर्म होय.

मग त्यांनीं काय केलें? पाहूं गेल्यास अगदीं साध्या गोष्टी. हगवण लागलेल्या मुलाला पाणी तोडावें, अशी समजूत घरोघर होती. शरीर पाण्यावांचून सुकत असतां पाणीच बंद करावयाचें! सेविकेनें शिकविलें कीं उकळून थंड केलेल्या एक लिटर पाण्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावें आणि तें घोटघोट पाजीत राहावें. औषधाच्या दुकानांत न जातां आईच्या हातानेंच मूल वांचूं लागलें. बाळंतपणांत नाळ कापण्यासाठीं जें हातीं लागेल तें वापरावें, वर शेण किंवा राख लावावी, आणि मग धनुर्वातानें मूल जावें, हा प्रकार होता. सेविकेनें हात धुण्यास, पातें उकळण्यास आणि नाळेला कांहीं न लावण्यास शिकविलें. गरोदर बाईला धनुर्वाताची लस टोंचून घेण्यास नेलें. पहिलें चिकाचें दूध टाकून न देतां बाळाला पाजावें, गरोदरपणीं भाकरी कमी न करतां वाढवावी, दर महिन्यास मुलाचें वजन पाहावें, हें तिनें चुलीपाशीं बसून सांगितलें.

हेंच सर्व डॉक्टरांनींही सांगितलें असतें, पण ऐकलें गेलें नसतें. शेजारची बाई सांगते तेव्हां तें पटतें, कारण तिचें स्वतःचें मूल तसें वांचलेलें गांवानें पाहिलेलें असतें. तिला पगार नसे. पोट भरण्यासाठीं लहानसें कर्ज घेऊन शेळ्या पाळणें, बांगड्या विकणें, असा कांहीं व्यवसाय ती करी. त्यामुळें ती सरकारची नव्हे, इस्पितळाची नव्हे, तर गांवाचीच राहिली. पुढें महिला मंडळें निघालीं, शेतकरी मंडळें निघालीं. शोषखड्डे झाले, झाडें लागलीं. कुष्ठरोग्याला वेशीबाहेर न ठेवतां इतर रोग्यांबरोबरच औषध मिळूं लागलें. कारण अंगावरील पहिला बधिर चट्टा ओळखणारी बाई आतां गल्लींतच होती, आणि वेळींच ओळखलेला तो रोग पूर्ण बरा होतो हें ती जाणत होती.

फळ काय मिळालें तें आंकडेच सांगतात. १९७१ सालीं हजारीं १७६ असलेलें बालमृत्यूंचें प्रमाण १९७६ सालीं ५२ वर आलें, आणि शतकाच्या अखेरीस तें तिसाच्याही खालीं उतरलें. पांच वर्षांत दर सहा मुलांमागें एक, ह्यावरून दर वीस मुलांमागें एक! जागतिक आरोग्य संघटनेनें १९७५ सालीं ‘हेल्थ बाय द पीपल’ नांवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत जामखेडवर एक प्रकरण आहे. १९७८ च्या सप्टेंबरांत तेव्हांच्या सोव्हिएत संघांतील अल्मा-आटा येथें राष्ट्रांची परिषद भरली, आणि आपल्या आरोग्याच्या योजनेंत व कार्यांत भाग घेणें हा लोकांचा हक्क आहे, तसेंच कर्तव्यही आहे, असें तिनें जाहीर केलें. १९७९ सालीं आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ सालीं व डॉ. रजनीकांत २०११ सालीं निवर्तले.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगणें जरूर आहे, नाहीं तर हा इतिहास नुसती स्तुति होऊन बसेल. १९७७ सालीं हिंदुस्थान सरकारनेंही गांवोगांव आरोग्यरक्षक नेमण्याची मोठी योजना काढली. कल्पना वरवर तीच. पण निवडलेले बहुतेक पुरुष होते, शिक्षण थोड्या महिन्यांत आटोपलें जाई, आणि मागून पाठीशीं उभें राहणारें कोणी क्वचितच असे. ती योजना हळूहळू विरून गेली. ह्यावरून दिसतें कीं साध्या माणसावर काम सोंपविलें म्हणजे आपली जबाबदारी संपली, असें नाहीं. जामखेडची बाई एकटी नव्हती. तिच्या गांवीं परिचारिका व डॉक्टरांचें पथक नेमानें जाई, अवघड बाळंतपणासाठीं इस्पितळाचें दार उघडें असे, आणि दर आठवड्यास तिच्या शंका ऐकण्यास कोणीतरी बसलेलें असे. इस्पितळ नको असें जामखेडनें कधीं म्हटलें नाहीं. इस्पितळ शेवटीं असावें, पहिल्यानें नसावें, एवढेंच म्हटलें.

२००५ सालापासून आपल्या देशांत ‘आशा’ नांवानें गांवचीच एक बाई आरोग्याचें काम पाहूं लागली. साऱ्या देशांत पसरलेल्या त्या योजनेचें जामखेडच्या कल्पनेशीं जवळचें नातें आहे. आपल्या आळींतही ती असेल. लस टोंचण्याचा दिवस सांगण्यास ती दारीं येते, तेव्हां तिला उभ्यानेंच वाटेस लावणारीं घरें आपल्यांत नाहींत काय? तिला बसावयास पाट देणें, तिचें ऐकून घेणें, हीसुद्धां गांवाच्या आरोग्यांत घातलेली भरच आहे.

१९८८ सालीं जामखेडची एक आरोग्यसेविका अमेरिकेंत वॉशिंग्टन येथें मोठ्या विद्वानांच्या सभेंत बोलावयास उभी राहिली. सभागृहांतील झगमगत्या दिव्यांकडे बोट दाखवून ती म्हणाली, अशा अर्थाचें, कीं हे दिवे सुंदर आहेत, पण महाग आहेत, आणि ते एकमेकांना पेटवूं शकत नाहींत. मग तिनें आपली साधी वातीची पणती पुढें केली. ही स्वस्त आहे, पण हिच्यानें दुसरी पेटते आणि दुसरीनें तिसरी. ज्या बाईला आपल्याला कांहीं येत नाहीं असें वाटत होतें, तिनें जगाला हें सांगितलें.

तेव्हां महोत्सवाच्या ह्या वर्षीं एक विनंति करावीशी वाटते. आपल्या धर्मग्रामांतही अशा बाया व बापे होऊन गेले असतील: रात्रीं कंदील घेऊन बाळंतपणास गेलेली सुईण, विहिरीचा गाळ काढण्यास पहिल्यानें उतरलेला माणूस, क्षयाच्या रोग्याला दररोज डबा पोहोंचविणारी शेजारीण. त्यांना ओळखणारीं वृद्ध माणसें अद्याप हयात आहेत, तोंवर त्यांच्यापाशीं बसून तीं नांवें विचारून घ्यावींत व लिहून ठेवावींत. आणि पुढचा महोत्सव येईल तेव्हां त्या यादींत आपल्या घरचेंही एखादें नांव असावें, असें वागावें. कोनशिलेवर जागा थोडी असते. ह्या यादींत जागा पुष्कळ आहे.